दातांमागची तार

टॉर्च जरा वर धरा, असं ती म्हणाली असावी, म्हणून जॉबरने टॉर्च वर धरला. तिने मान हलवली. त्याने खाली घेतला. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर तोंड आ करून बसलेली चिंगी एका हातात छोटा आरसा आणि दुसऱ्या हाताच्या बोटावर वाटाण्याएवढी मेणाची गोळी घेऊन खालच्या दातांच्या मागे चाचपडत होती. कालच वरच्या-खालच्या दोन्ही दातांना तार बसवली होती. समोरून बघणाऱ्याला काहीच दिसलं नसतं. टॉर्चच्या उजेडात मात्र दातांच्या पाठीला चिकटवलेले धातूचे बारके चौकोन आणि त्यांतून ओवलेली तार चमकत होती. जिभेच्या दोन्ही कडा सोलल्यासारख्या लाल झाल्या होत्या.

"फार टोचतंय का गं?" त्याने विचारलं.

आ केलेल्या तोंडाने ती काहीतरी बोलली. तीन-चार शब्द असतील. त्याने अंदाज बांधला.

"होईल सवय," तो म्हणाला.

तिने आरसा खाली घेतला आणि त्याच्याकडे बघितलं. उत्तर जुळलं नव्हतं, हे त्याला तिच्या भुवयांवरून कळलं. मग ती हसली, हसताना हात तोंडावर नेला, आणि त्याच्या हातातला टॉर्च घेऊन स्वतःच बंद केला.

जॉबरला ऐकू येत नव्हतं, आणि चिंगीला हे माहीत नव्हतं.

एकतीस वर्षं त्याने माग-शेडमध्ये काढली होती. आधी विणकर म्हणून, मग बिघडलेले माग दुरुस्त करणारा जॉबर म्हणून, आणि तेच नाव त्याला चिकटलं होतं. एका छपराखाली दीडशे माग चालायचे. सूत नेणारे धोटे इकडून तिकडे आपटायचे. तिथे कोणी गळा वापरत नसे. बोलायचं ते ओठांनी, मोठं तोंड करून, आवाज न काढता. ऐकायचं ते डोळ्यांनी. बायकोशी ओळख झाली तीही तशीच. ती धोट्यांसाठी सुताच्या कांड्या भरायची. सहा माग पलीकडून ती त्याला पहिल्यांदा जे बोलली ते असं होतं, "तुमच्या शर्टाची बटणं खालीवर लागलीत."

शेड बंद होऊन नऊ वर्षं झाली. कान हळूहळू जात होते, ते गेल्या चार वर्षांत पुरतेच गेले. दार आपटलं तर पायाखाली कळायचं, तेवढंच. बायकोने ते कोणाला कळू दिलं नाही. घरात माणसं आली की ती त्याच्या समोरची जागा धरायची आणि इतरांचं बोलणं स्वतःच्या ओठांवर घेऊन त्याच्यापर्यंत पोचवायची. त्याचा आवाज चढला की तळहात खाली दाबायची. टीव्हीचा आवाज अठरावर ठेवायचा, हे तिनेच ठरवून दिलं होतं. शेडमधली माणसं मोठ्याने बोलतात, हे सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे कोणाला वेगळं काही वाटलं नाही. चिंगी तेव्हा दुसऱ्या गावी बालवर्गाला शिकवायची. सुट्टीपुरती यायची.

बायकोला जाऊन आता आठ महिने झाले होते. तिच्या आजारपणात चिंगी नोकरी सोडून आली ती इथेच राहिली. या आठ महिन्यांत त्याची जेवढी उत्तरं चुकली, जेवढ्या हाका त्याने ऐकल्या नाहीत, त्या सगळ्यांना चिंगीने आपल्या मनाने एकच कारण देऊन टाकलं होतं. "बाबा हल्ली इथे नसतातच," असं ती मैत्रिणीला फोनवर सांगताना त्याने बघितलं होतं. आपल्या दुःखाचा आपल्याला असा आडोसा मिळतोय, याची त्याला लाज वाटायची. पण आडोसा सोडवत नव्हता.

शिवाय तिचं तोंड आईचं होतं. वरचा डावा सुळा शेजारच्या दातावर चढलेला. त्यामुळे बोलताना वरच्या ओठाची डावी कड किंचित आधी उचलली जायची. तीस वर्षं ज्या तोंडाकडे बघून तो ऐकत आला होता, तेच तोंड. इतरांचं बोलणं त्याला अर्धंमुर्धं कळायचं, चिंगीचं जवळजवळ सगळं.

आता तो सुळा सरळ होणार होता. त्याला वर्ष-दीड वर्ष लागेल, असं दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या कागदावर लिहिलं होतं.

दूरच्या शहरातल्या एका मोठ्या शाळेत तिला नोकरी मिळाली होती. जायचं की नाही ते येत्या गुरुवारी संध्याकाळी सांगायचं होतं. साडेपाचला शाळेतून फोन येणार होता. तिने आधी दोनदा मुदत वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. अडलं होतं ते एकाच गोष्टीवर, बाबा एकटे कसे राहतील. ते जॉबरने एका वाक्यात मोकळं केलं होतं. महिन्यापूर्वी, भांडी विसळता विसळता, तिच्याकडे न बघता तो म्हणाला होता,

"तुझी आई दवाखान्यात शेवटचं काय बोलली, सांगू? म्हणाली, पोरीला माझ्यामागे घरात कोंडू नका. जाऊ द्या तिला."

चिंगी तेव्हा ओट्याला टेकून बराच वेळ रडली. दुसऱ्या दिवशी दातांच्या दवाखान्यात वेळ घेऊन आली. "नव्या जागी नव्या तोंडाने जाते," असं म्हणाली. समोरून तार लावली तर बालवर्गातली पोरं धडा सोडून तिचे दातच बघत बसतील, म्हणून मागून लावायची. जॉबरला बरं वाटलं. ती निघाली होती. कान गेल्याचं तिला आता कळलं, तर मात्र ती पाऊल उचलणार नाही. दारावरची घंटा ऐकू न येणाऱ्या बापाला टाकून कोणती मुलगी जाईल? गुरुवार संध्याकाळपर्यंत निभावून न्यायचं होतं, बस.

पहिले दोन दिवस सोपे गेले. जीभ हलवली की तार घासायची, म्हणून चिंगी बोलतच नव्हती. जुन्या वहीचे कोरे कागद फाडून तिने टेबलावर ठेवले होते आणि जे सांगायचं ते त्यांवर लिहायची. "मीठ घालून पाणी कोमट करता का?" "आज भात अजून मऊ." "तुम्ही जेवलात का, खरं सांगा." बालवर्गाच्या बाईचं अक्षर, मोठं आणि सुटं. जॉबर चष्मा लावून वाचायचा आणि चोख उत्तर द्यायचा. आठ महिन्यांत दोघांचं इतकं बोलणं झालं नव्हतं. सोमवारी दुपारी तिने लिहिलं, "बाबा, आज तुम्ही बरे दिसता." तो कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. तिची जीभ गुरुवारपर्यंत अशीच राहिली तर, असं त्याच्या मनात येऊन गेलं. मग तिला मान वाकडी करून, डोळे मिटून, मऊ भाताचा घास गिळताना बघितलं आणि तो उठून गॅलरीत गेला.

मंगळवारी सकाळी समोरच्या इमारतीतल्या मावशी खिडकीत उभ्या होत्या. मधे अरुंद चौक होता. मावशी शेडमध्ये बायकोच्या शेजारी कांड्या भरायच्या. जॉबरचे कान गेले, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. शेडमधल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. दोघं चौकाच्या अल्याडपल्याड उभं राहून ओठांनीच बोलायची. चिंगी लहानपणापासून हे बघत आली होती. म्हाताऱ्यांची जुनी खोड, असं तिला वाटायचं.

"पोरीचं तोंड कसं आहे?" मावशींनी विचारलं.

"सोललंय. बोलत नाही."

"वा. तिच्या तोंडाला तार, तुझ्या तोंडाला कुलूप. घर आहे का गोदाम?"

"हळू बोला, मावशी."

"आवाज काढलाय कोणी, मेल्या? सांगून टाक तिला."

"शुक्रवारी सांगतो."

"शुक्रवारी ती सामान बांधत असेल. भिंतीलाही कान असतात म्हणतात. तुझ्या घरात तेवढ्या भिंतीच ऐकतात आता."

जॉबर हसला. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी आणखी म्हटलं, पण तोपर्यंत तो खिडकीपासून बाजूला झाला होता. डोळे फिरवले की बोलणं संपतं, ही एक सोय बहिऱ्या माणसाला असते.

त्याच दिवशी चिंगीने कागद बाजूला सारले. डॉक्टरीणबाईंच्या कागदावर लिहिलं होतं की तिसऱ्या दिवसापासून बोलायला लागा, नाहीतर जिभेला सवय होत नाही. ती बोलू लागली, आणि जॉबरचं कठीण झालं. वरचे-खालचे दात एकमेकांवर बसू नयेत म्हणून मागच्या दाढांवर निळे उंचवटे चिकटवले होते. त्यामुळे जबडा पुरता मिटत नव्हता. तोंडात सारखी लाळ यायची, म्हणून ती ओठ आवळून बोलायची. वर एक हात तोंडापुढे. ओठांची डावी कड आता उचलली जात नव्हती. त्याच्यासमोर दुसरंच कोणीतरी बसून बोलत असावं, तसं झालं.

दुपारी ती दारातून काहीतरी बोलली आणि बोटाने स्वयंपाकघर दाखवलं. त्याने जाऊन खिडकी लावून घेतली आणि बाहेर येऊन बसला. थोड्या वेळाने ती ओला टॉवेल घेऊन धावत आत गेली. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली जमिनीपर्यंत आलं होतं. तो फडकं आणायला उठला, तर तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसवलं. स्वतःच गुडघ्यावर बसून पुसू लागली. पुसून झाल्यावर तिथेच बसून राहिली, आणि मान वर करून, हात तोंडावरून काढून, सावकाश बोलली. हे मात्र त्याला कळलं.

"मी गेल्यावर असंच करणार तुम्ही?"

"एकदा दूध उतू गेलं म्हणून काय झालं? तुझ्या आईचं नव्हतं जात?"

"आईचं लक्ष असायचं."

"माझंही आहे."

"कुठे आहे?"

चिंगीने टॉवेल पिळला. तिचे डोळे भरले होते. जिभेमुळे की दुधामुळे, ते त्याला कळलं नाही.

"आईने सांगितलं म्हणून सांगतो," तो म्हणाला. "तू जा."

तिने तळहात खाली दाबून त्याला आवाज कमी करायला सांगितलं. आईची खूण होती ती. ती हे कधी शिकली, ते त्याने बघितलं नव्हतं.

बुधवारी तिने वाचनाला सुरुवात केली. रोज अर्धा तास मोठ्याने वाचा, असंही त्या कागदावर होतं. तिने बालवर्गाचं पुस्तक काढलं, टेबलाशी त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "चुकलं की सांगा. स आणि च नीट येत नाहीत. ल तर लोळतोच." तेवढं तिने तोंडापुढे हात न धरता म्हटलं, म्हणून कळलं. मग पुस्तक तोंडासमोर धरलं.

जॉबर पुस्तकाच्या पाठीकडे बघत बसला. पाठीवर छत्री घेतलेल्या बदकाचं चित्र होतं. दर थोड्या वेळाने पुस्तक खाली यायचं, तिचे डोळे दिसायचे, आणि तो म्हणायचा, "छान." एकदा म्हणाला, "हे जरा पुन्हा म्हण." तिने पुन्हा म्हटलं. "आता जमलं," तो म्हणाला. ती खूष झाली, आणखी दोन पानं वाचली. पुस्तक मिटताना तिच्या ओठाच्या कोपऱ्यावर रक्ताचा बारीक ठिपका होता. त्याने तो बोटाने दाखवला. तिने रुमालाने टिपला आणि हाताने 'काही नाही' अशी खूण केली.

त्या दिवशी जेवताना तो घासागणिक दोनदा पाणी प्यायला. तिने जीभ सोलून घेऊन जे वाचलं होतं, त्यातला एक शब्दही त्याच्यापर्यंत आला नव्हता, आणि त्याने तिला शाबासकी दिली होती. शेडमध्ये एखाद्याने न बघता कापड पास केलं तर जॉबर त्याची दिवसभर खरडपट्टी काढायचा.

गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर चिंगीने दोन बॅगा खाटेखालून ओढून काढल्या आणि उघड्या करून भिंतीशी ठेवल्या. काही भरलं नाही. नुसत्या उघडून ठेवल्या. जॉबरने त्या बघितल्या आणि दाढी करून घेतली. आता थोडाच वेळ राहिला होता.

पाच वाजता ती पुन्हा टेबलाशी येऊन बसली. या वेळी पुस्तक टेबलावर आडवं ठेवलं होतं. हातात आरसा होता. डाव्या बाजूने जीभ जास्तच चिघळली होती. मेण लावलं तरी निघून येत होतं. ती आरशात बघून एकेक वाक्य म्हणत होती, जीभ कुठे टेकते ते बघत, थांबत, पुन्हा म्हणत. त्याच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. तोंडापुढे हात नव्हता, पुस्तक नव्हतं. आणि ओठ आवळलेले नव्हते. मोठं, सुटं तोंड. शनिवारी तार बसल्यापासून पहिल्यांदाच जॉबरला ते तोंड नीट वाचता येत होतं. तो खुर्चीत सैल झाला. बदक तळ्यावर गेलं. बदकाला छत्री मिळाली. आकाशात ढग आले. सगळं कळत होतं. मागे कोणाच्या तरी लग्नात बायको अशीच समोर बसून त्याला भाषणं पोचवत होती, ते त्याला आठवलं.

"घड्याळात किती वाजले?" चिंगी म्हणाली.

त्याने भिंतीकडे बघितलं.

"सव्वापाच," तो म्हणाला.

चिंगीचा आरसा हातातच राहिला. ती त्याच्याकडे बघू लागली. जॉबरला आधी वाटलं, आवाज फार मोठा निघाला असेल. मग टेबलावरच्या पानाकडे त्याचं लक्ष गेलं. तिथे घड्याळाचं चित्र होतं. त्याच्याखाली तेच वाक्य छापलेलं होतं. ती त्याला विचारत नव्हती, धडा म्हणत होती. तेवढ्यावर निभावलं असतं. हसून वेळ मारून नेता आली असती. पण ती अशी बघत होती की त्याची नजर तिच्या तोंडावरून खाली, गळ्यावर उतरली.

"आता?" तिचे ओठ म्हणाले.

गळा हलला नव्हता.

जीभ चिघळलेली, म्हणून ती मघापासून आवाज न काढता नुसतीच तोंडाची सवय करत होती. शेडमध्ये एकतीस वर्षं सगळे तेच करायचे. तिथे गळ्याकडे कोणी बघत नसे. त्यानेही बघितलं नव्हतं. खोलीत घड्याळाशिवाय कसलाही आवाज नव्हता, आणि तो मात्र बदकाची अख्खी गोष्ट ऐकून, वर वेळ सांगून बसला होता.

चिंगीने आरसा टेबलावर पालथा ठेवला. ती उठली, टेबलाला वळसा घालून त्याच्या मागे गेली. जॉबर समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला. मागे काही बोललं जात होतं की नव्हतं, ते त्याला कळायला मार्ग नव्हता. ती हाक मारत असेल. ती ओरडत असेल. किंवा नुसती उभी असेल. मानेवर तिचा श्वास येतोय असं वाटलं, की खिडकीतून वारा आला असेल.

"चिंगे," तो म्हणाला, "समोर ये."

ती समोर आली. खुर्चीत बसली, खुर्ची पुढे ओढली. आता ती बोलली तेव्हा तोंड पुरतं उघडून, शब्दांमध्ये जागा सोडून बोलली. गळा शांतच होता.

"केव्हापासून?"

"चार वर्षं झाली."

"आईला माहीत होतं?"

"तिलाच माहीत होतं."

"काल मी वाचलं ते?"

त्याने मान हलवली.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू थांबली असतीस."

चिंगीने पुस्तक मिटलं. दोन्ही हात त्यावर ठेवले. तिला राग आला असावा असं त्याला वाटत होतं. राग बरा होता, रागाला उत्तर देता येतं. पण तिचा चेहरा रागाचा नव्हता. ती कशाचा तरी हिशेब लावत होती, मागे मागे जात होती. डोळे त्याच्यावर होते आणि त्याला बघत नव्हते. असा चेहरा त्याने शेडमध्ये बघितला होता. कापडात एक चूक दिसली की विणकर तीच चूक धरून मागे मागे जातो, सुरुवात कुठे झाली ते सापडेपर्यंत.

मग तिचे डोळे त्याच्यावर येऊन थांबले.

"आईच्या तोंडावर मास्क होता," ती म्हणाली.

जॉबरने खाली बघितलं.

ऑक्सिजनचा मास्क. हिरवट, कडेला वाफ धरलेला, नाकापासून हनुवटीपर्यंत. चिंगी औषधं आणायला खाली गेली होती. बायकोने त्याचं मनगट धरलं आणि ती बोलू लागली. मास्कच्या आत वाफ यायची आणि जायची, यायची आणि जायची. बराच वेळ बोलली ती. तिला माहीत होतं की याला ऐकू येत नाही. घरात तिलाच तर माहीत होतं. तरी त्या वेळी विसरली असेल, किंवा मास्कचं भान नसेल राहिलं. त्याने मास्क काढायला हात पुढे केला, तर नर्सने तो मागे सारला. मग ती बोलायची थांबली आणि उत्तराची वाट बघत त्याच्याकडे बघत राहिली.

टेबल हललं. चिंगीने त्याच्यापुढे दोनदा बोटं आपटली होती. त्याने वर बघितलं.

"मग काय म्हणाली ती?"

"मला माहीत नाही," जॉबर म्हणाला. "मी हो म्हटलं."

चिंगी हलली नाही. तिने तोंडावर हात नेला नाही. खालच्या ओठावर लाळ आली ती पुसलीही नाही.

"तिला जाऊ द्या, हे मी बोललो," तो म्हणाला. "माझंच आहे ते. पण ती तेच बोलली असती."

हे तो केवढ्याने बोलला ते त्याला कळलं नाही. या वेळी चिंगीने तळहात दाबून दाखवला नाही.

तेवढ्यात टेबलावर ठेवलेल्या त्याच्या हाताला खालून बारीक थरथर लागली. तिचा फोन. पडद्यावर उजेड झाला होता. त्याने तिच्याकडे बघितलं, तिने फोनकडे. थरथर थांबली, पुन्हा सुरू झाली. तिने रुमालाने तोंड पुसलं, फोन उचलला आणि कानाला लावला. जॉबरने तिच्या ओठांवर नजर रोखली, तशी ती उठली आणि खिडकीशी जाऊन, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

पाठीवरून त्याला फार थोडं वाचता येत होतं. ती बराच वेळ ऐकत होती. एकदा मान हलली. मग कानाखालचं हाड हलू लागलं. ती बोलत होती, स अडत असेल, च अडत असेल, ल लोळत असेल, तरी थांबत नव्हती. लांब बोलली. मोकळा हात खिडकीच्या चौकटीवर होता. तो हात काही सांगत नव्हता.

तिच्या खांद्यावरून त्याला चौकापलीकडची खिडकी दिसली. मावशी तिथे उभ्या होत्या. वाळत घातलेला कपडा त्यांच्या हातात तसाच होता. चिंगीचं तोंड थेट त्यांच्यासमोर होतं आणि त्या एकटक तिकडे बघत होत्या. मावशींना सगळं कळत होतं, शब्दन् शब्द. मधेच त्यांनी डोळे मोठे केले. मग चिंगीचा फोनवाला हात खाली आला, आणि मावशींनी तिच्या डोक्यावरून पलीकडे, थेट जॉबरकडे बघितलं. त्यांनी त्याला खुणेने थांब म्हटलं. कपडा काखेत मारला. मोठं तोंड करून त्या सांगू लागल्या.

पहिला शब्द पुरा व्हायच्या आत जॉबरने मान खाली घातली. हे त्याला चिंगीच्याच तोंडून हवं होतं, आणि ती अजून वळली नव्हती.